आबांच्या ताटातलं नॉर्वे

नॉर्वेला जाऊन आलेली माणसं नॉर्वेवर लिहितात. मी मालवणला जाऊन आले आणि तरीही मला नॉर्वेवर लिहावं लागतंय, ह्यावरून माझी स्थिती तुमच्या लक्षात यावी. मालवण माझं माहेर. सकाळी कोल्हापुरातून निघालं तर दिवेलागणीच्या आत तिथे पोचता येतं. समुद्र आहे, किल्ला आहे, माडांच्या बागा आहेत, आणि मासा तर असा की एकदा खाल्ला की माणूस जन्मभर त्याचंच नाव काढील. एवढं सगळं असताना माझ्या माहेरी दर रविवारी नॉर्वेचं जेवण होतं. आणि ते करते कोण? माझी भावजय सुमन! मसुरं हे तिचं माहेर आणि मालवण हे सासर. ह्या दोन गावांपलीकडचं तिसरं गाव तिने धड पाहिलेलं नाही.

मला हे कळलं ते तिच्या कार्डावरून. "आबांचा ताप उतरला. घसा मात्र सोलल्यासारखा झाला आहे, डॉक्टरांनी तिखट-आंबट बंद केलं आहे. पण यांनी शिकवून ठेवलेला नॉर्वेचा मासा रविवारी करते, तो आबा दोनदा मागून घेतात. आपण येणार असाल तर घाटावरचे बटाटे आणावेत. इथले बरे नसतात."

दोनदा मागून घेतात! अहो, हे माझे आबा. सगळी हयात शिडाच्या फत्तेमारीवर तांडेल म्हणून काढलेला माणूस. मी बांगड्याचं तिखलं केलं की नाकातून पाणी गळेपर्यंत जेवायचे आणि शेजारपाजारला ऐकू जाईल असं म्हणायचे, "ह्या चेडवाच्या हाताक चव आसा." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. आई गेली तरी मी माहेरी गेले की त्यांचं ताट मीच वाढायची. लग्न होऊन घाट चढले तेव्हा बाकी सगळं सोडलं, हे एवढं माझं म्हणून ठेवलं होतं. आणि आता ते सुमनच्या हातचं पांढरं, बिनतिखटाचं काहीतरी दोनदा मागून घेतात.

नॉर्वे आमच्या घरात शिरलं ते माझ्या धाकट्या भावामुळे, म्हणजे सुमनच्या नवऱ्यामुळे. बाबू नॉर्वेच्या एका मालवाहू बोटीवर इंजिनाकडे काम करतो. एका हिवाळ्यात बोट दुरुस्तीला बेर्गेनच्या गोदीत अडकली, तेव्हा तो एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहिला. बाहेर बर्फ, आत म्हातारी, आणि चुलीवर मासे-बटाटे. तिच्याकडून तो हा पदार्थ शिकला. त्याचं नाव प्लुकफिस्क. रजेवर आला तेव्हा त्याने चुलीपुढे बसून तो सुमनला शिकवला. मी त्याची सख्खी मोठी बहीण, मला त्याने त्या म्हातारीचा फोटो पाठवला. फोटो!

मी ते कार्ड वाचून माझ्या यजमानांना म्हटलं, "मी मालवणला जाते." ते म्हणाले, "बटाटे पोचवायला कुणी माहेरी जातं का?" मी म्हटलं, "मी जाते." मला एकच बघायचं होतं. आबा अजून माझ्या हातचं जेवतात की नाही, एवढंच.

निघताना सासूबाईंनी जोंधळ्याच्या पिठाची एक पिशवी हातात दिली. "माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये. तुझ्या वडिलांना दे." माझं कपाळ! मालवणात जोंधळा कोण खातो? तिथे भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरीशुभ्र, मऊसूत. सासूबाईंचं मन मोडवेना, म्हणून मी ती पिशवी बटाट्यांच्या तळाशी कोंबली.

फोंडाघाट

घाट उतरताना माझं दर वेळी एकच होतं. वर कोरडा गार वारा असतो. वळणं सुरू झाली की हळूहळू अंगाला ओल लागते, करवंदीच्या जाळ्या, मग फणस, मग खाली कुठेतरी पहिला माड दिसतो आणि माझा पदर आपोआप कमरेला खोचला जातो. कोल्हापुरात मी पदर सांभाळते. इथे खोचते.

अर्ध्या घाटात वर चढणारा एक ट्रक समोर आला. वळण अरुंद, म्हणून आमची गाडी कडेला थांबली. ट्रकात करंड्यांची चळत, वर भुसा आणि बर्फ, आणि खालून खारं पाणी टपटप रस्त्यावर गळतंय. कोल्हापूरला निघालेला मासा! गाडीतल्या सगळ्या बायाबाप्यांनी नाकाला पदर आणि धोतरं लावली. शेजारची गूळवाली बाई म्हणाली, "काय वास मारतोय बाई!" मी खिडकीतून डोकं बाहेर काढून पोटभर श्वास घेतला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला तिच्याकडचा गुळाचा खडा दिला, बहुतेक मला मळमळतंय असं तिला वाटलं असावं.

खाली फोंड्याच्या बाजारात गाडी थांबली. मी शिदोरीतली जोंधळ्याची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. चहावाला मालवणी बोलला आणि माझी जीभ सुटली. त्याने विचारलं, "खंय चल्लास?" मी म्हटलं, "म्हायेराक." "मगे बटाटे कित्याक व्हावतास?" त्याला काय सांगणार? माझ्या भावजयीला माझ्यावर कुरघोडी करायला बटाटे कमी पडतायत, ते मीच नेऊन देतेय!

मालवण, शनिवार

कणकवलीला गाडी बदलली. पुढची तांबडी धूळ अंगावर घेत घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आमच्या ओट्यावरून माडांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते, ते तिच्याकडेच तोंड करून बसतात. किती वाळले होते! सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. मला बघून हसले, तर वरचे पुढचे दातही गेलेले.

"इलंस गो चेडवा? दमलंस?"

मी पाया पडायला वाकले. तेवढ्यात ते म्हणाले, "बटाटे हाडलंस मा?"

वाकलेली मी तिथल्या तिथे ताठ झाले.

सुमन पदराला हात पुसत बाहेर आली. "येवा वन्स. आबा सकाळपासून वाटेक डोळे लावन बसले हत." माझ्या की बटाट्यांच्या, ते तिने सांगितलं नाही. सुमन गोरी आहे, बोलते कमी, आणि कुणी काही टोचून बोललं तर हसते. अशा माणसाचा राग करणं फार कठीण जातं. मी ते तरीही करते.

आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि शनिवार मासा येत नाही. त्या रात्री वरण-भात झाला. आबांना तिने भात मऊ कालवून दिला, पाणी कोमट करून दिलं, तोंड पुसायला पंचा दिला. मला करायला काही ठेवलंच नाही. मी पाहुणी! मला पाटावर बसवलं आणि आग्रहाने वाढलं. माहेरी कुणी असा आग्रह केला की आपण ह्या घरातून गेलो हे कळतं.

रविवारचा बाजार

सकाळी सुमनबरोबर मासळीबाजारात गेले. नोव्हेंबरातला समुद्र, मासळी मुबलक. बांगडे, सुंगटं, मोरी, आणि एका पाटीत तर चांदीच्या ताटासारखे सरंगे पडले होते. कोल्हापुरात मी मंडईत जाते तेव्हा वांगी दाबून बघते. इथे मी कल्ले उघडून बघितले आणि माझे हात मला ओळखीचे वाटले.

मासेवालीने सुमनला बघून हाक मारली, "वयनी, बाबूचो मासो करूक घोळ देव मा? हाडां कमी, मास पांढरां. बाबूकडे लिवन कळव, माझ्याकडचो हां म्हणान."

म्हणजे बाजारालासुद्धा माहीत! 'बाबूचो मासो' हे नावसुद्धा पडलं होतं. मी ह्याच बाजारात परकराच्या वयापासून आले. माझ्या तिखल्याला कुणी 'चेडवाचं तिखलं' म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही. मी त्या बाईला सांगितलं की घोळ कालची दिसते. ती म्हणाली, "बाय, तू घाटार ऱ्हवतंस, तुका काय कळता?" तो घाव मी बाजारातून घरापर्यंत आणला.

आता हा पदार्थ बाबूने सुमनला शिकवला तसा सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी नॉर्वेला जाणार नाही आणि बहुधा मालवणलाही नाही. घोळ मिठाच्या पाण्यात अलगद शिजवायची. बटाटे वेगळे उकडायचे आणि मोडायचे. ठेचायचे नाहीत, मोडायचे, जिभेला फोड लागली पाहिजे. लोण्यावर कांदा घाम फुटेपर्यंत परतायचा, लाल करायचा नाही. त्यावर थोडा मैदा, मग थोडंथोडं दूध घालून ढवळत राहायचं. शेवटी मासा आणि बटाटे घालून चार दाणे मिऱ्याची पूड. झालं. हळद नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. मी उंबऱ्यात बसून बघत होते. फोडणीचा आवाज नाही की मसाल्याचा खमंग नाही, असा स्वयंपाक मी जन्मात पाहिला नव्हता.

मासा निवल्यावर सुमनने तो परातीत घेतला आणि बोटांनी एकेक काटा काढायला बसली. बारीकातला बारीक काटा ती बोटांच्या चिमटीत चाचपून काढत होती. "आबांका आता दिसणा नाय," ती म्हणाली. मी लहान असताना आबा माझ्या ताटातले काटे काढायचे. बोटीवरून आले की मला मांडीशी घ्यायचे आणि मासा निवडून द्यायचे, बाबूला आई द्यायची. ते निवडणं आता फिरून त्यांच्याकडे येणार, तर ते माझ्या हातून यायला हवं होतं. मी म्हटलं, "दी हय, मी काढतंय." ती म्हणाली, "ऱ्हवांदे वन्स, झालाच." आणि खरंच झालं होतं.

मग तिने मैद्यावर ओतायला पातेलं उचललं आणि मी चमकले. दूध कसलं? तो नारळाचा रस होता!

 मी जेवणाची वेळ येऊ दिली. आबांच्या पुढ्यात ताट आलं, वाफ निघत होती. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाबू थंय ह्यांच खाता. भायर बरफ पडता, हात आखडतत, आनी म्हातारी ह्यां गरम गरम वाढता."

"आबा," मी म्हटलं, "ह्यां नॉर्वेचां नाय हां. थंय गायचां दूध घालतत. सुमनान नारळाचो रस घातल्यान."

सुमन खाली बघायला लागली. मला वाटलं, आता बरी सापडली.

आबांनी दुसरा घास घेतला. "मगे? मासो आनी दूध एकत्र खावन माका कोड होवक होया?"

"बाबू खाता तो?"

"थंयचे लोक आधीच पांढरे. तेंका कोड इला तरी दिसाचां नाय. बाबूक सांगलंय मी, घराक येशीत तेवा आंग तपासूक होया." आणि त्यांनी वाटी पुढे केली. "सुमना, आनी वाढ."

दोनदा मागून घेतलं. माझ्या देखत. मलाही वाढलं होतं, मी खाल्लं. आता खोटं कशाला बोलू? चांगलं लागलं. नारळाचा गोडवा, घोळीचे पाकळ्यांसारखे तुकडे, मध्येच बटाट्याची फोड, आणि गिळल्यावर मिऱ्याची किंचित ऊब. सोललेल्या घशातून अलगद उतरेल असंच ते होतं. चांगलं लागलं म्हणून माझा आणखी जळफळाट झाला.

मंगळवार: माझी स्वारी

सोमवार असाच गेला. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बघितल्या, धक्क्यावर फिरले, पण डोक्यात तेच. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं. सुमन नारळाचं करते, मी अस्सल करणार. बाबू जे खातो तेच आबांना खायचं असेल, तर ते खरं माझ्या हातून त्यांना मिळू दे. आणि कोड-बिड सगळा जुना समज आहे, कोल्हापूरला एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं.

मंगळवारी सुमन विहिरीवर कपडे धुवायला गेल्याचं बघून मी चुलीपुढे बसले. सकाळीच आणून ठेवलेली घोळ शिजवली. काटे काढले, माझ्या बोटांनी, एकेक. मीच आणलेले बटाटे मोडले. कांदा परतला, मैदा भाजला आणि गवळ्याकडचं ताजं गाईचं दूध तांब्याने ओतलं. चुलीवर असं काही सुंदर, सायीसारखं झालं म्हणून सांगू! ताट घेऊन मी ओट्यावर गेले.

"आबा, ह्यां खरां नॉर्वेचां. माझ्या हातचां."

आबांनी वास घेतला. त्यांचा हात ताटाकडे आला होता तो तिथेच थांबला. "दूध?"

"दूध. बाबू खाता तसां."

"चेडवा," ते म्हणाले, आणि किती हळू म्हणाले, "माका नाय जमाचां गो." त्यांनी ताट बाजूला सारलं नाही. नुसता हात मागे घेतला आणि समुद्राच्या पट्टीकडे बघत बसले. सुमन ओलेत्या पदराने धावत आली, तिने पातेल्यात डोकावून "अगे बाय!" म्हणून तोंडावर हात मारला. "वन्स, तुमी नको खावा हां. खरांच नको."

मग मात्र मी हट्टाला पेटले. त्या दोघांच्या समोर बसून मी ते ताट संपवलं. शेवटचा घास संपेपर्यंत सुमन माझ्या हातांकडे बघत होती, डाग उमटतोय का म्हणून. उरलेलं मी घरच्या काळ्या मांजरीला घातलं, तिने पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत येताजाता सगळे त्या मांजरीला उलटीसुलटी करून बघत होते. तिला काही झालं नाही. मलाही अजून तरी नाही.

आणि चव? अहो, चव उत्तम होती. सुमनच्यापेक्षा काकणभर सरस. पण ते सांगणार कोणाला? ज्यांच्यासाठी केलं त्यांनी घाससुद्धा घेतला नाही. माझ्या हातचं आबांनी परत पाठवलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी विहिरीकडे जाऊन तोंड धुतलं, कारण रडलेलं मला सुमनला दाखवायचं नव्हतं.

बुधवार

गुरुवारी सकाळची गाडी होती. बुधवारी सुमनने माझ्या निरोपाच्या जेवणाला सरंगे आणले. आबांच्या जिवाचा मासा. त्यांच्यासाठी दोन तुकड्या नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर टाकायच्या होत्या, आमच्यासाठी खोबऱ्याचं वाटण तयार होतं. मी मधल्या खोलीत कपडे भरत होते. तोंड फुगलेलंच होतं, नाकारत नाही.

आबा काठी टेकत आत आले. दाराआड ती पिठाची पिशवी तशीच पडली होती. त्यांनी तिला काठीने टोचलं. "ह्यां काय गो?"

"पीठ. जोंधळ्याचां. सासूबायनी दिल्यानी."

"कोणाक?"

"तुमका."

"मगे दिलंस कित्याक नाय?"

"तुमी काय खातलास जोंधळो!"

ते पलंगाच्या कडेवर बसले. "तू खातंस?"

"रोज."

"आनी मासो?"

"मासो खंयचो आबा, कोल्हापुराक?"

"खंयचो म्हंजे?" त्यांचा आवाज चढला. "हयसून टरक भरून मासो घाटार जाता. धक्क्यार उबो ऱ्हवान मी बघतंय. माका वाटलां, तेच्यातलो एक तरी तुझ्या घराक येत आसतलो."

मला घाटातला तो गळणारा ट्रक आठवला. "पोचासर बरफ इतळता, आबा. आनी आमच्या गल्लीत मासो तळलो तर शेजारी खिडक्यो लावतत. आमच्याकडे भाकरी आनी पिठलां. नायतर भाकरी आनी आमटी."

"इतकी वर्सां?"

"इतकी वर्सां."

"कदी सांगलंस नाय."

"तुमी कदी इचारलास?" माझा आवाज माझ्या हातात राहिला नाही. "बाबू काय खाता, थंय बरफ कितको पडता, म्हातारी काय वाढता, सगळां तुमका होया. तो लांब गेलो म्हणान. मी घाटार गेलंय तां काय जवळ झाला? पयल्या वर्साक भाकरी थापूक येय नाय म्हणान चुलीम्होरे बसान रडलंय मी, तां कोणी इचारल्यान?"

बोलले आणि दम लागला. सुमन दारात येऊन उभी होती, हाताला वाटण तसंच. आबांनी काठीने ती पिशवी जवळ ओढली.  मग म्हणाले, "सुमना, चूल पेटय. चेडवाक इचार, ती भाकरी कशी करतत ती. माका खावची आसा."

मग मी सुमनला जोंधळ्याची भाकरी शिकवली. कढत पाणी, पीठ हाताच्या टाचेने रगडून मळायचं, परातीत थापत फिरवायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, मग निखाऱ्यावर. तिची पहिली फाटली, दुसरी जाड झाली, तिसऱ्या वेळी तिचे हात लाल झाले. मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं. माझी मात्र टम्म फुगली. ती आबांच्या ताटात घातली.

आबांनी तुकडा मोडला आणि तोंडात घोळवत बसले. पुढचे दात नाहीत, तो काही तुटेना. त्यांनी विचारलं, "तुझ्या थंय म्हातारी माणसां कशी खातत?"

"दुधात कुस्करून."

"मगे दूध हाड."

सुमन घाबरून पुढे आली. "आबा, आज मासो आसा! सरंगे आसत. तुमच्यो तुकड्यो तव्यार टाकलंय."

आबांनी चुलीकडे पाहिलं. सरंग्याच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या आणि वास घरभर पसरला होता. ह्या वासावर हा माणूस उठून बसतो. ते म्हणाले, "भायर काढ. शेजारी नेवन दी. वाटणय दी."

सुमन ताट घेऊन गेली. आबांची नजर त्या ताटामागे मागीलदारापर्यंत गेली, तिथून कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेली, आणि मग परत आली. मी भाकरी दुधात कुस्करून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी सगळी खाल्ली. दोनदा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा घास घेतला.

"आवडली?" मी विचारलं.

"नाय."

"मगे कित्याक खाल्लास?"

"बाबूचां तरी पयल्यांदा खंय आवडलेलां? कितके रविवार घशाक टेकला तां. मगे सवय झाली." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "सुमना, दर बुधवारी ही भाकरी करूची. बुधवार चेडवाचो."

सुमन परत येऊन उभी होती. ती म्हणाली, "सोमवार बरो, आबा. सोमवारी तसोय घरात मासो नसता. दुधाची भानगड नाय."

"सोमवार देवाचो. तो माझो खंय आसा दिवक? बुधवारच."

परत घाटावर

गुरुवारी सुमन मला गाडीपर्यंत सोडायला आली. पिशवी हलकी होती. बटाटे आणि पीठ दोन्ही मालवणात राहिलं होतं. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीखाली उभी राहिली, तळव्यांवर फुंकर घालत. फोड आला होता एक. मी म्हटलं, "खोबरेल लाव." ती म्हणाली, "लावतंय." मग हसली आणि म्हणाली, "तुमचां बरां आसा वन्स. तुमी लांब आसात."

तेवढ्यात गाडी हलली. मी खिडकीतून मागे वळून बघितलं, तर ती अजून तळव्यावर फुंकर घालत होती.

आता दर महिन्याला मी इथून जोंधळ्याचं पीठ पाठवते, सासूबाई स्वतः दळून आणतात. सुमनचं कार्ड येतं. भाकरी आता गोल होते म्हणे. परवाच्या कार्डात तिने लिहिलं होतं, "बुधवारी बाजारात सरंगे फार छान आले होते. आबांना सांगितलं. म्हणाले, आज नको."

ते कार्ड मी यजमानांना वाचून दाखवलं, सासूबाईंना दाखवलं, समोरच्या खिडकीवाल्या बाईंनाही दाखवलं. त्यांना त्यात काय एवढं ते कळलं नाही. तुम्हाला कळेल म्हणून लिहिते. रविवारी माझे आबा बाबूच्या नावाने मासा खातात. बुधवारी माझ्या नावाने सरंगा सोडतात. बाबूला लिहून कळवलंय मी.